फोन आपटायला शिकवणाऱ्या पगारेताई

फोन वाजला की पगारेताई आधी पदर सारखा करायच्या, मग खुर्चीत ताठ बसायच्या आणि त्यानंतर फोन उचलायच्या. तेवढ्यात समोरचा कंटाळून गेलेला असायचा, असंही व्हायचं. मी एकदा म्हटलं, "ताई, तुम्ही कशा बसलाय ते त्याला थोडंच दिसतंय?" तर म्हणाल्या, "दिसत नाही गं, पण ऐकू येतं. बाई लवंडून बोलायला लागली की तिचा आवाजही लवंडतो." त्या दिवसापासून मीही शाळेच्या ऑफिसात फोन आला की पाठ सरळ करते. आवाजात काय फरक पडला माहीत नाही, पण कंबर दुखायची थांबली.

ताईंच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी सहा वर्षं भाड्याने राहिले. नाशिकच्या जेलरोडवरून आत वळलं की आमची कॉलनी. बहुतेक घरं बौद्ध कुटुंबांची, निवृत्त कारकून, शिक्षक, कामगार अशांची, मधोमध विहार, आणि प्रत्येक अंगणात एक तरी कढीपत्त्याचं झाड. माझा नवरा औषधकंपनीत, महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. म्हणजे वर बोलायला माणूस नाही आणि खाली सबंध आयुष्य बोलणं जोडून देण्यात घालवलेली बाई. आमचं जमलं नसतं तरच नवल.

ताई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. पहिली नेमणूक घोटीला. तिथले भाताचे व्यापारी फोनवर असे ओरडत की मुंबईला तारेची गरजच लागू नये. ताई त्यांना म्हणायच्या, "शेठ, मुंबईला मी जोडून देते. तुम्ही हाक मारून कशाला बोलावताय?" विशीतली मुलगी असं बोलते म्हणून शेठ आधी चिडले, मग तिचा फोन आला की हळू बोलायला लागले. पुढे नाशिकला बदली झाली आणि निवृत्त होईपर्यंत त्या तिथल्याच झाल्या.

नोकरीच्या पहिल्या दिवशी वरिष्ठ बाईंनी त्यांना एक नियम सांगितला होता: बोलणारा माणूस बोलत असताना ऑपरेटरने आपण होऊन फोन सोडायचा नाही. तो नियम ताईंच्या अंगात इतका मुरला होता की निवृत्तीनंतरही त्या राँग नंबरला 'राँग नंबर' म्हणत नसत. वणीच्या एका शेतकऱ्याने ट्रॅक्टरच्या मेकॅनिकला लावलेला फोन एकदा चुकून यांच्याकडे लागला. दुसरी कोणी असती तर दोन शब्दांत मोकळी झाली असती. ताईंनी त्याच्याकडून नंबर पुन्हा म्हणवून घेतला, कुठला आकडा चुकला ते शोधलं, मेकॅनिक घरी नव्हता तर त्याच्या बायकोला निरोप दिला आणि शेतकऱ्याला उलट फोन करून कळवलं. पुढच्या हंगामात द्राक्षांची एक पेटी आमच्या फाटकाशी येऊन पडली. निम्मी मी खाल्ली, म्हणून ही हकिकत मला पाठ आहे.

दुसरी सवय चिठ्ठ्यांची. आलेल्या प्रत्येक फोनची चिठ्ठी. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूचे चौकोनी तुकडे कापून ठेवलेले. कोण बोललं, कुठून, किती वाजता, किती मिनिटं. चिठ्ठी लिहायची आणि भिंतीवरच्या खिळ्याला टोचायची. आमच्याकडे विजेचं बिल वेळेवर सापडत नाही, आणि ताईंकडे मागच्या होळीला त्यांची नणंद किती मिनिटं बोलली होती ते सापडायचं. त्यावरून एकदा नणंदेशी भांडणही झालं, पण ताई जिंकल्या. पुरावाच होता.

यजमान जाऊन बारा-तेरा वर्षं झालेली. मुलगा मिलिंद पुण्यात, कॉम्प्युटरच्याच कंपनीत मोठ्या पगारावर. स्वभावाने गोड, आईवर जीव. पुण्याच्या फ्लॅटमध्ये आईसाठी एक खोली त्याने रंगवून तयार ठेवली होती. ताई वर्षातून दोनदा जायच्या, चार दिवस राहायच्या आणि पाचव्या दिवशी परत यायच्या. "खोली छान आहे गं," त्या मला म्हणायच्या. "पण सकाळी दार सून उघडते आणि रात्री मिलिंद लावतो. मला माझं दार मी उघडायची सवय आहे."

मिलिंदनेच त्यांना कॉम्प्युटर आणून दिला. अडुसष्टाव्या वर्षी ताई माउस धरायला शिकल्या, आणि वर्षभरात मला शिकवायला लागल्या. विजेचं बिल, गॅसचं बुकिंग, पेन्शनचा दाखला, सगळं बसल्या जागी. दर गुरुवारी दुपारी त्यांच्या जुन्या ऑपरेटर मैत्रिणी पडद्यावर जमायच्या. पाच बायका आणि एका वेळी एकच बोलतेय, बाकीच्या थांबल्यात, हे दृश्य मी आयुष्यात फक्त तिथे पाहिलं.

आणि अशा बाईला फोनवरून फसवलं.

होळीनंतरचे दिवस होते. मी शाळेत. ताई पेपर वाचत होत्या तेवढ्यात पडदा लालभडक झाला, भोंगा वाजायला लागला आणि एक बाई इंग्रजीतून आणि मग हिंदीतून ओरडायला लागली: तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय, कॉम्प्युटर बंद करू नका, ताबडतोब खालच्या नंबरवर फोन करा. ताईंनी पदर सारखा केला आणि फोन लावला.

पलीकडचा माणूस फार अदबीने बोलला. ताई पुढे म्हणायच्या, "आवाजात खोट नव्हती गं, आमच्या खात्यातल्या कितीकांपेक्षा चांगला बोलत होता." त्याने एक छोटा प्रोग्रॅम उतरवून घ्यायला सांगितला, म्हणजे आमचे इंजिनिअर इथूनच दुरुस्ती करतील. ताईंनी घेतला. पडद्यावरचा बाण आपोआप फिरायला लागला. त्याने एक लांबलचक यादी उघडून दाखवली, ओळीओळीला लाल-पिवळ्या खुणा. "हे सगळे व्हायरस, मॅडम." खरं तर त्या कॉम्प्युटरने स्वतःच्या बारीकसारीक कुरबुरींच्या करून ठेवलेल्या नोंदी असतात. प्रत्येक कॉम्प्युटरवर असतात. नंतर मी शाळेतला उघडून पाहिला तर त्यात ताईंच्या दुप्पट निघाल्या, आणि तो बिचारा व्यवस्थित चालू होता. पण त्या दिवशी ताई घाबरल्या. मग फी भरायची म्हणून बँकेचं पान उघडा, मग पडदा काळा, मग थांबा, मग अजून थांबा. जवळजवळ दोन तास.

मधे कुकरच्या शिट्ट्या व्हायला लागल्या. ताईंनी त्याला विचारलं, "सर, मैं कुकर बंद करके आऊँ?" त्याने परवानगी दिली. पुढे ही गोष्ट सांगताना त्या सगळ्यात जास्त इथेच हसायच्या. "माझं घर, माझा गॅस, माझी डाळ, आणि परवानगी देतोय कोण!"

मी संध्याकाळी आले तेव्हा त्या फोनजवळ तशाच ताठ बसून होत्या. हातात चिठ्ठी. त्यांनी ती माझ्यापुढे धरली. वर लिहिलं होतं 'राहुल', आणि खाली, तासाभरानंतरच्या वेळेपुढे, 'अमित'.

"माणूस तोच, आवाज तोच," त्या म्हणाल्या. "मधेच नाव बदललं त्याने. विसरला असेल. मला तेव्हाच कळलं, वैशाली. अर्ध्यातच कळलं."

"मग ठेवला का नाही फोन?"

"तो बोलत होता ना."

मला रडू आलं, त्यांना नाही. आधी मी इंटरनेटची वायर उपटली. मग माझ्या फोनवरून बँकेला कळवलं, सरकारी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पासवर्ड बदलले, दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर दुकानात नेऊन पार पुसून घेतला. थोडं वाचलं, बरंचसं गेलं.

मिलिंद त्याच आठवड्यात आला. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो समजुतीने बोलला, आणि समजुतीने बोलणाऱ्या मुलाशी भांडता येत नाही. "आई, आता हे सगळं राहू दे. कॉम्प्युटर मी घेऊन जातो. बँकेचं मी बघतो. तू साधा बटणांचा फोन वापर. खरं म्हणजे आता तू पुण्यालाच चल. एकटी राहतेस, उद्या अजून काही झालं तर?"

मी चहाचे कप घेऊन दारात अडकले होते. आत जावं की नाही कळेना.

ताई म्हणाल्या, "मिलिंद, आमच्याकडे एखादीने चुकीची लाइन जोडली तर तिला बोर्डावरून उठवत नव्हते. दुसऱ्या दिवशी तिलाच पुन्हा तिथे बसवायचे. नाहीतर ती शिकणार कधी?"

"आई, हा बोर्ड नाहीये."

"बरं. मग करार कर. दसऱ्यापर्यंत मला मुदत दे. बँकेचे मेसेज तुझ्याकडेही येऊ देत, माझी हरकत नाही. तोवर मी पुन्हा फसले तर कॉम्प्युटर मीच बांधून देईन, घराला कुलूप लावीन आणि तुझ्या त्या रंगवलेल्या खोलीत येऊन बसेन. जन्मभर. तोंडातून ब्र काढणार नाही."

मिलिंदने माझ्याकडे पाहिलं. मी साक्षीदार झाले, चहा गार झाला. ब्र न काढणाऱ्या पगारेताई डोळ्यांसमोर आणायचा मी प्रयत्न केला, आणि मला ते चित्र मुळीच आवडलं नाही.

त्या रविवारी विहारात वंदना संपली आणि लोक चपला शोधायला उठणार तोच ताई उभ्या राहिल्या. "जय भीम. दोन मिनिटं बसा. मला फोनवरून फसवलं. चांगली दोन तास फसले." आणि मग सगळं सांगितलं. लाल पडदा, राहुलचा अमित, कुकरसुद्धा. किती गेले तेही ढोबळ आकड्यात सांगितलं. मागून एक वडीलधारे म्हणाले, "ताई, अशा गोष्टी चारचौघांत कशाला?"

"का?" ताई म्हणाल्या. "ज्याने चोरलं त्याला लाज नाही, मग मला कशाला?"

त्या संध्याकाळी आमच्या फाटकाशी गायकवाड सर आले. सर म्हणजे पस्तीस वर्षं इतिहास शिकवलेला, कॉलनीतला सगळ्यात करारी माणूस. त्यांच्या हातात बाजाराची पिशवी होती आणि पिशवीतून कोथिंबिरीची जुडी डोकावत होती. आत येऊन त्यांनी कोथिंबीर बाजूला काढली. खाली लॅपटॉप.

"माझ्या एका परिचितांच्या बाबतीत," सर घसा साफ करून म्हणाले, "अगदी असाच प्रकार चार महिन्यांपूर्वी घडला. त्यांनी पत्नीलाही सांगितलेलं नाही."

ताईंनी चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही. "परिचितांना म्हणावं, पाणी घ्या. मग आधी नेट बंद करा आणि तो प्रोग्रॅम अजून आत बसलाय का ते बघू या."

बसलेला होता. चार महिने. सरांचा घसा त्या दिवशी फार वेळा साफ झाला. जाताना कोथिंबीर विसरले, ती आम्ही चटणीत घातली.

त्या आठवड्यात आणखी तिघं येऊन गेले, सगळे परिचितांच्या वतीने. ताई मला म्हणाल्या, "बघ, अर्धी कॉलनी फसलीय आणि प्रत्येकाला वाटतंय आपण एकटेच मूर्ख." आणि शनिवारचा वर्ग सुरू झाला.

वर्गात मी अपेक्षा केली होती ती कॉम्प्युटरची. तो भाग ताईंनी एका दुपारी उरकला. प्रत्येकाच्या घरी जाऊन स्विचशेजारी कागद चिकटवला: 'पडदा बोलायला लागला तर इथे दाबा.' आणि एक खूण सांगितली. "आपलं खरंच काही बिघडतं तेव्हा कंपनीचा फोन लागतो का? नाही लागत. नंबरच सापडत नाही. आणि हे स्वतःहून पडद्यावर नंबर देतायत! इथेच ओळखायचं." एवढं सगळ्यांना पटलं, कारण सगळ्यांनी भोगलेलं होतं.

उरलेले सगळे शनिवार एकाच गोष्टीत गेले. फोन ठेवण्यात.

आपल्याकडे फोन ठेवणं हा एक समारंभच असतो. 'बरं मग', 'चला मग', 'आणखी काय', 'ठेवू का?', 'हो ठेव', 'नाही, तू आधी ठेव'. पाहुणे उंबऱ्यात उभं राहून अर्धा तास निरोप घेतात तसंच. ताईंनी नेमकं हेच हेरलं होतं, कारण त्यांचाच पाय तिथे घसरला होता. "त्या लोकांना आपल्या कॉम्प्युटरची माहिती नसते," त्या म्हणायच्या, "आपल्या वळणाची असते. हा माणूस तोंडावर फोन ठेवणार नाही, एवढ्यावर त्यांचा धंदा चाललाय."

ताईंनी खात्याच्या भंगारातून घेतलेला एक जुना काळा फोन होता, मुसळासारख्या जड रिसीव्हरचा. तो मधे ठेवायचा. ताई चोर व्हायच्या. आवाज असा मधाळ काढायच्या की माझाही हात पर्सकडे जायचा.

"नमस्कार सर, मी हेड ऑफिसातून बोलतोय. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये एकवीस व्हायरस सापडलेत."

गायकवाड सर रिसीव्हर कानाला लावून, अगदी ठाम आवाजात: "क्षमा करा, मला यात रस नाही. बरं, ठेवू का मग?"

"नका ना ठेवू सर, दोनच मिनिटं."

"बरं बरं, बोला."

आम्ही हसून हसून आडव्या. सर ओशाळायचे, पुन्हा बसायचे, पुन्हा विचारायचे, ठेवू का? चौथ्या शनिवारी त्यांनी एकदाचा रिसीव्हर आपटला. टाळ्या पडल्या. आणि टाळ्या चालू असतानाच सरांनी तो परत उचलला आणि म्हणाले, "सॉरी हं." पुन्हा पहिल्यापासून.

शिकवायला लागलं नाही ते फक्त शांताबाईंना. त्यांची मखमलाबादकडे झेंडू-मोगऱ्याची शेती, सकाळी कॉलनीत फुलं घेऊन यायच्या, आणि मंडपवाल्यांच्या ऑर्डरी मोबाइलवर घ्यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी ताईंचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. धाडकन रिसीव्हर खाली. "आवं ताई, मी तं मालकाचाबी फोन अर्ध्यात ठेवते. लय बोलतो तो. तिकडं फुलं सुकत्यात." ताईंनी त्यांना तिथल्या तिथे सहशिक्षिका नेमलं. शांताबाई इतक्या खूश झाल्या की त्या दिवसापासून वर्गाला मोगरा फुकट आला.

पण मोबाइल आपटायचा कसा, हा प्रश्न सरांनीच काढला. आपटला तर फुटेल. ताईंनी आठ दिवस विचार केला आणि एक रीत बसवली: लाल बटण दाबा, फोन पालथा ठेवा, उठून पेलाभर पाणी प्या. पाणी कशाला, असं मी विचारलं. "रिकामा हात परत फोनकडेच जातो," त्या म्हणाल्या. "आणि उठल्याशिवाय माणसाला अक्कल येत नाही. मी त्या दिवशी कुकर बंद करायला उठले होते. तिथेच उभी राहिले असते ना दोन मिनिटं, तर वाचले असते."

हे बोलताना मात्र त्या हसल्या नाहीत. मला तेव्हा कळलं की शनिवारचा वर्ग कॉलनीसाठी होता तेवढाच त्यांच्या स्वतःसाठीही होता. दसरा त्या बोटांवर मोजत होत्या. अनोळखी फोन आला की पाठ तशीच ताठ असायची, पण चिठ्ठी लिहिताना त्या नाव दोनदा विचारून घ्यायच्या. मला भीती वाटायची. त्यांच्यासाठी आणि, खरं सांगायचं तर, माझ्यासाठीही. खालच्या घराला कुलूप लागलं असतं तर मी जिना उतरून कोणाकडे गेले असते?

दसऱ्याला चार दिवस उरले असताना मिलिंद आला. जेवताना त्याने दोनदा कॉम्प्युटरकडे पाहिलं. दुपारी मी डब्यातून थोडी खीर घेऊन खाली गेले. ताई आत भांडी आवरत होत्या. टेबलावर त्यांचा मोबाइल वाजला आणि मिलिंदने उचलला.

मी त्याचा चेहरा पाहत होते. आधी कपाळाला आठ्या, मग आठ्या गेल्या, मग तो खुर्चीवर पुढे सरकून बसला. त्याने फोनचा आवाज मोठा केला, मलाही ऐकू यावं म्हणून. पलीकडे सुरेख हिंदी. तुमच्या आईंना ज्यांनी फसवलं ती टोळी पकडली गेलीय. पैसे परत करायचेत. पगारे मॅडम, बरोबर? त्याने महिना सांगितला, वार सांगितला, रक्कम सांगितली, शेवटच्या रुपयापर्यंत. फक्त खातं जुळवून बघायला कॉम्प्युटर सुरू करा आणि एक छोटा प्रोग्रॅम घ्या.

"आई!" मिलिंदने आत हाक मारली. "ये लवकर, पैसे परत मिळतायत!" आणि दुसऱ्या हाताने त्याने कॉम्प्युटरचं बटण दाबलंसुद्धा. माझ्या हातात खिरीचा डबा. मलाही वाटलं होतं, चला, मिळाले एकदाचे.

ताई बाहेर आल्या. ओले हात पदराला पुसले. दोन वाक्यं ऐकली. मग मिलिंदच्या हातातून फोन घेतला, लाल बटण दाबलं, आणि फोन टेबलावर पालथा घातला.

"आई! अगं, त्याला सगळं माहीत होतं! वार, रक्कम, सगळं!"

"असणारच," ताई म्हणाल्या. "घरातून काय गेलं ते दोघांनाच माहीत असतं. घरवालीला आणि चोराला. घरवाली तर ही इथे उभी आहे."

कॉम्प्युटर इमानेइतबारे सुरू होत होता, त्याची टिणटिण ऐकू आली. ताईंनी भिंतीवरचं बटण बंद केलं, आत गेल्या आणि पेलाभर पाणी आणून मुलाच्या हातात दिलं. तो निमूटपणे प्यायला.

फोन परत वाजला. ताई म्हणाल्या, "आता तू."

मिलिंदने उचलला. "हॅलो, हां... नहीं, अभी नहीं... जी... जी, समझता हूँ..." ताई कमरेवर हात ठेवून उभ्या. "वो, मैं... रखूँ क्या?"

तेवढ्यात शांताबाई दसऱ्याच्या झेंडूची टोपली घेऊन दारात. त्यांनी एक नजर टाकली. "अगं बया! इंजिनेरलाबी शिकवाया लागतं का?" आणि मिलिंदने दचकून लाल बटण दाबलं. मग आधी तो हसला, मग आम्ही सगळ्याच. हसता हसता ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी लपवलं नाही. मिलिंद त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ तसाच उभा राहिला.

दसरा झाला. कॉम्प्युटर जागच्या जागी राहिला. कराराचा विषय कोणी काढला नाही. संध्याकाळी मिलिंद गाडीत बसताना एवढंच म्हणाला, "आई, पुढच्या शनिवारी वर्ग किती वाजता असतो?" मला वाटलं चेष्टा करतोय.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात नवऱ्याची बदली जळगावला झाली. सामान टेम्पोत चढलं, टेम्पोवाला द्वारका चौकात गर्दी व्हायच्या आत निघू या म्हणून घाई करत होता. मी किल्ली द्यायला खाली गेले. काय बोलायचं ते जिन्यात ठरवलं होतं, बरंच होतं.

ताई फोनवर होत्या. मला पाहून त्यांनी हाताने बस अशी खूण केली. मी टेकले नाही, दाराला धरून उभी राहिले. पलीकडे कोणी बाई होती, शब्द कळत नव्हते, पण रडणं ऐकू येत होतं. ताई मधे एक अक्षर बोलत नव्हत्या. मी किल्ली टेबलावर ठेवली. त्यांनी माझा हात धरला, घट्ट दाबला, आणि सोडला नाही.

मग त्या फोनमध्ये म्हणाल्या, "हो, मिलिंदचीच आई. त्याने दिला ना माझा नंबर? तुम्ही त्याच्या ऑफिसातल्या... हां, हां. नेट बंद केलंत? शाबास. बँकेला सांगितलंत? छान. आता उरलेलं रडून घ्या, बाई. घाई नाही. माझ्याही बाबतीत झालंय हे. परिचितांच्या नाही, माझ्याच."